‘ओफ्रेंदा’ला मराठीत काय म्हणायचं?

शाईडाग

नमस्कार मंडळी. स्पॅनिशच्या तीन परीक्षा देऊन झाल्या, तरी अजून शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारा मी माणूस. सध्या एका मेक्सिकन बाईंच्या बालपणीच्या आठवणी मराठीत आणतोय. हौसेनं. कुणी सांगितलेलं नाही, कुणी छापणारही नाही. मजकूर वीसेक पानांचा आहे: पुएब्ला राज्यातलं खेडं, आजीचं घर आणि १ व २ नोव्हेंबरचे दिवस, म्हणजे दीआ दे मुएर्तोस, मृतांचे दिवस.

पहिल्या खेपेला मी ओफ्रेंदा (गेलेल्यांसाठी घरात केलेली मांडणी) म्हणजे नैवेद्य, मुएर्तीतोस म्हणजे पितर, पांतेओन म्हणजे स्मशान आणि एकूण प्रकार म्हणजे श्राद्ध, असं धडाधड करून टाकलं. वाचायला एकदम गुळगुळीत. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “छान आहे, पण ह्यात मेक्सिको कुठाय?” तेव्हापासून हात थांबलाय.

दुसरी अडचण एका वाक्याची. मामा शहरातून गाडीनं येतो, त्याला उशीर होतो, आजी चिडते. कारण दिलंय: ‘से ले फुंदियो उना कालावेरा.’ फुंदीर म्हणजे वितळणे, कालावेरा म्हणजे कवटी. म्हणून मी लिहिलं, ‘मामानं आणलेली साखरेची एक कवटी वाटेत वितळली.’ पुढच्याच वाक्यात हायवेवर पोलीस त्याला अडवतात. साखरेची कवटी वितळली म्हणून पोलिसांनी का अडवावं?

तिसरं म्हणजे, ओफ्रेंदा ‘पोनेर’ करतात आणि दोन दिवसांनी ‘लेवांतार’ करतात. ठेवणे आणि उचलणे? की स्थापना आणि विसर्जन? मला दुसरी जोडी भारदस्त वाटतेय.

पानगळ

माझं मत तुमच्या सौभाग्यवतींच्या उलट आहे. पितर लिहा, नैवेद्य लिहा, वाचकाला चटकन कळेल. दर ओळीला परका शब्द आडवा आला की माणूस पान मिटतो. गेलेली माणसं वर्षातून एकदा येतात, त्यांना आवडीचं करून घालायचं, हे आपल्याला काय नवीन आहे? तळटीपा देऊन वाचकाला शिक्षा करू नका.

स्थापना-विसर्जन मात्र नको. डोळ्यांपुढे गणपती येतो.

चोलूलाकर

आधी त्या कवटीचा निकाल लावू. मामाच्या गाडीचा मागचा दिवा गेला होता, बस. मेक्सिकोत गाडीच्या मागच्या लाल दिव्याला कालावेरा म्हणतात, आणि दिवा उडाला की तो ‘फुंदियो’. हे इतक्या ठामपणे सांगतेय कारण माझं पोटच त्यावर आहे. पुएब्ला शहराला चिकटून चोलूला आहे, तिथे मला हे बारावं वर्ष. गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करते, दिवसभर हाताखालून कालावेराच जातात.

पण मी ह्या नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर संपता संपता, एका वाहतूक पोलिसानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “सेन्योरीता, तुम्हाला एक कालावेरा नाहीये.” मी म्हटलं, “आहेत ना, घरी चार आहेत, दोन चॉकलेटच्या.” त्यानं मला तसंच जाऊ दिलं. बहुधा कीव आली.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही नामांपाशी अडलाय. माझा सल्ला असा की नामं जरा बाजूला ठेवा आणि क्रियापदं बघा. ‘पोनेर ला मेसा’ म्हणजे जेवणाचं टेबल मांडणे, आपण पानं घेतो तसं. ‘लेवांतार ला मेसा’ म्हणजे जेवणं झाल्यावर ताटंवाट्या उचलणे. ओफ्रेंदाला लागतात ती हीच दोन, रोजच्या जेवणाची. मधल्या काळात काय होतं? मेलेल्यांची ‘एस्पेरार’, वाट बघायची. ते आले की ‘रेसिबीर’, या बसा. शेवटी ‘देस्पेदीर’, निरोप द्यायचा. सगळी पाहुण्यांची क्रियापदं. प्रार्थना असते, जपमाळ असते, नाही असं नाही. पण ती प्रार्थना मेलेल्यांना उद्देशून नसते, मेलेल्यांसाठी देवाकडे असते. म्हणून पानगळ यांचा मुद्दा समजूनही मला ‘पितर’ आणि ‘नैवेद्य’ खटकतात. पितर म्हटलं की ते वरून आशीर्वाद देणार, कोपणार, त्यांना तृप्त करायचं, असं सगळं मागोमाग येतं. इथे येतो तो आपला दिवंगत काका, दमलेला, तहानलेला, आणि दोन दिवस राहून परत जाणारा.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी घरमालकीणबाईंनी (तेव्हा सत्तरीच्या होत्या, गुडघे वाजायचे पण खोकी स्वतःच उचलायच्या) दिवाणखान्यात लाकडी खोक्यांच्या तीन पायऱ्या रचल्या, वर पांढरी चादर घातली. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी वळून विचारलं, “इ तू, आ किएन एस्पेरास?” आणि तू कोणाची वाट बघतेयस? ‘तुझं कोण गेलं’ असं नाही विचारलं. मला पटकन उत्तरच सुचेना. मग वडिलांचा पासपोर्ट आकाराचा फोटो होता तो आणून दिला. पुढचा प्रश्न: काय प्यायचे? म्हटलं कॉफी, बिनसाखरेची, मधुमेह होता. त्यांनी कॉफीचा कप ठेवला आणि शेजारी साखरेची वाटीसुद्धा ठेवली. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाल्या, “तिकडे कोण तपासतंय?”

तर ‘ओफ्रेंदा मांडली’, ‘ओफ्रेंदा उचलली’. इतकं साधं ठेवा. ओफ्रेंदा हा शब्द तसाच राहू द्या. दुसऱ्या पानापर्यंत वाचकाला तो आपला वाटायला लागेल, कारण क्रियापदं त्याच्या घरातली असतील.

मांडणीत काय काय असतं ते तुमच्या बाईंनी लिहिलं असेलच. पाण्याचा पेला असतो, लांबून चालून आलेल्याला आधी पाणी लागतं म्हणून. मीठ, मेणबत्त्या, धुपाटण्यात कोपाल नावाचा डिंक. वरून पापेल पिकादोच्या माळा. तो कात्रीनं कापलेला कागद नव्हे बरं का, अनुवादात ‘कातरकाम’ लिहू नका. पुएब्लातलं सान साल्वादोर विस्कोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. पतंगी कागदांची जाड थप्पी करायची, वर नक्षीचा नमुना ठेवायचा आणि छिन्नी-हातोडीनं ठोकायचं. ‘पिकादो’ म्हणजे टोचलेला. छिन्नीचा आवाज त्या शब्दातच आहे.

आणि पाव. पान दे मुएर्तो म्हणजे मृतांचा पाव, गोल, वर हाडांसारख्या आडव्या पट्ट्या आणि मधे कवटीचा गोळा. संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास येतो. पण तुमचा मजकूर पुएब्लातला असेल तर आजी त्याला ‘ओहाल्द्रा’ म्हणत असेल, इथला शब्द तोच. तसंच खेड्यात ‘दीआ दे मुएर्तोस’पेक्षा ‘तोदोस सांतोस’ जास्त ऐकू येतं. मूळ मजकुरात दोन्ही शब्द असतील तर दोन्ही ठेवा: शहरातून आलेला मामा पहिला वापरेल, आजी दुसरा. आणि कृपा करून ‘दीआ दे लोस मुएर्तोस’ लिहू नका. तो ‘लोस’ बहुतेक वेळा उत्तरेकडची सीमा ओलांडून परत आलेला असतो.

मुएर्तीतो ह्या शब्दानं मात्र मलाही छळलंय. ‘इतो’ लावला की वस्तू लहान होते, पण मेक्सिकन माणूस आदरानंही लावतो, मायेनंही लावतो, आणि कधी नुसती सवय म्हणूनही. कॉफीची काफेसीतो होते, मेलेल्याचा मुएर्तीतो. ‘मीस मुएर्तीतोस’ला मी ‘आमची गेलेली माणसं’ म्हणते. जिथे नात्याचा संदर्भ आधीच आलाय तिथे नुसतं ‘आमची माणसं’.

तळटीप

(आमचं नावच तळटीप असल्यामुळे वरच्या शिक्षेच्या उल्लेखानं किंचित दुखावलो आहे.)

चोलूलाकर यांनी क्रियापदांचं सांगितलं ते मस्तच. नामांच्या बाजूनं थोडी भर. त्या पायऱ्यांवर मांडलेल्या वस्तूंची नावं नीट ऐकलीत तर दोन भाषा वेगवेगळ्या उचलता येतात. ओफ्रेंदा, पान, वेला (मेणबत्ती), क्रूस हे शब्द लॅटिनमधून, जहाजातून आले, आणि गव्हाचा पाव व ऊसही त्याच जहाजातून. कोपाल, पेताते (चटई), मोले (मिरच्यांचा दाट रस्सा), तामाल (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ), सेंपासूचिल (ओफ्रेंदावरचं फूल) हे शब्द नावातल भाषेतले, म्हणजे अस्तेकांच्या भाषेतले, आधीपासून तिथलेच. २ नोव्हेंबर ही तारीख कॅथलिक पंचांगातली, फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून सुमारे हजार वर्षांपूर्वी पसरलेली. त्यामुळे ‘हा शुद्ध अस्तेक सण’ असं कुणी म्हणालं की मी फुलाकडे बोट दाखवून हो म्हणतो आणि पावाकडे बोट दाखवून नाही.

सेंपासूचिलमधला पहिला भाग सेंपोवाल्यी म्हणजे वीस, दुसरा शोचित्ल म्हणजे फूल. वीस-फूल, खूप पाकळ्यांचं. वनस्पतिशास्त्रात ते टॅजेटिस इरेक्टा. म्हणजे आपला झेंडू. तो मुळात तिकडचाच, नंतर जगभर गेला. शाईडाग, हा मोठा पेच आहे. ‘झेंडू’ लिहिलं तर वस्तू अचूक, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे तोरण येणार.

दुसरी गंमत साखरेच्या कवट्यांची. साखरेच्या लगद्याच्या ह्या कामाला ‘आल्फेन्यीके’ म्हणतात, आणि मेक्सिको राज्यातल्या तोलूकाला मुएर्तोसच्या आधी त्याचा बाजार भरतो, कवट्या, मेंढ्या, शवपेट्या, सगळं साखरेचं. स्पॅनिशमध्ये तो शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत संस्कृत ‘फाणित’वरून. फाणित म्हणजे आटवलेला उसाचा रस, आपली काकवी. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘आसूकार’, तोही ‘शर्करा’चाच नातू. म्हणजे ज्या एका ठिकाणी संस्कृत शब्द वापरायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे, ते ठिकाण नैवेद्य नसून कवटी आहे.

शाईडाग

मागचा दिवा! दोन आठवडे मी त्या वितळलेल्या कवटीवर ललित निबंध लिहायच्या बेतात होतो. चोलूलाकर, तुमचे आभार मानावेत तितके थोडे. तळटीप, तुम्हालाही.

‘मांडली’ आणि ‘उचलली’ घेतले. आता पुढच्या अडचणी, पोतडीतून एकेक काढतो. ३१ तारखेला आजी ‘आन्खेलीतोस’साठी वेगळी मांडणी करते. छोटे देवदूत? मग संध्याकाळी लेखिका भावाबरोबर पुठ्ठ्याची पेटी घेऊन दारोदार ‘मे दा मी कालावेरीता?’ म्हणत फिरते. ही कवटी तरी खरी कवटी आहे, की टॉर्च? आणि २ तारखेला शाळेचे मुख्याध्यापक मेल्याची कविता वाचली जाते आणि पोटभर हसतात सगळे. मुख्याध्यापक पुढच्या पानावर जिवंत आहेत. माझं काहीतरी चुकतंय.

आणि पांतेओनचं काय करू?

चोलूलाकर

काही चुकत नाहीये, मुख्याध्यापक ठणठणीत आहेत. तिसऱ्या प्रकारची कालावेरा आहे ही, कवितेतली. जिवंत माणूस मेला असं धरून त्याच्यावर रचलेली थट्टेची यमकं. एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रं पुढाऱ्यांवर असली कवनं छापायची, आता शाळेत, कचेरीत, कुठेही स्पर्धा असतात. ज्याच्यावर रचतात त्यानं रुसायचं नसतं. उलट तुमच्यावर कुणी रचलीच नाही तर तुम्ही कुणाच्या खिजगणतीत नाही असं समजावं. आमच्या कारखान्यातल्या पोरांनी माझ्यावर एक केली होती. स्पॅनिशमधली जास्त चावट आहे, मराठीत साधारण अशी:

आली हडकुळी कारखान्यात, न्यायला तपासनीसबाई,
बाई म्हणे, “उजेडात ये, एवढी कसली गं घाई?”
डाव्या बरगडीत दिसली चीर, शिक्का मारला ‘नापास’,
हडकुळी गेली हात हलवत, बाईंना मरायला नाही अवकाश!

(पगारवाढ तरीही मिळाली नाही.)

ह्यातलं ‘हडकुळी’ म्हणजे ‘ला फ्लाका’. मृत्यूला इथे डझनभर टोपणनावं आहेत: ला ऊएसूदा म्हणजे हाडकी, ला पेलोना म्हणजे टकली, ला कालाका म्हणजे सांगाडा. सगळी स्त्रीलिंगी, कारण ‘मुएर्ते’ शब्द स्त्रीलिंगी. तुमच्या मजकुरात ती आली तर तिला ‘ती’च ठेवा. यमराज, रेडा वगैरे आणलंत तर टकलीचा सगळा नखरा जाईल.

पेटी घेऊन फिरणाऱ्या पोरांची कालावेरीता म्हणजे खाऊ किंवा चिल्लर. ‘माझी कालावेरीता देता?’ असंच लिहा, वाक्याच्या ओघात कळतं. पेटीला डोळे-तोंड कापून आत मेणबत्ती लावलेली असते, म्हणजे तुमच्या टॉर्चचा अंदाजही अगदीच वाया गेला नाही.

कवट्यांचा विषय निघालाच आहे तर कात्रीनाबद्दल, म्हणजे भली मोठी टोपी घातलेल्या त्या सांगाड्याच्या बाईबद्दल. तुमच्या लेखिकेच्या आजीच्या ओफ्रेंदावर ती टोपीवाली बाई नसेल, मी पैज लावते. ती छापखान्यातून आली. होसे ग्वादालूपे पोसादा, आग्वासकालिएंतेसचा, जन्म १८५२. मेक्सिको शहरात आंतोनियो वानेगास आरोयोच्या छापखान्यासाठी स्वस्तातली चित्रं कोरायचा. त्याच्या त्या बाईचं नाव होतं ‘ला कालावेरा गार्बान्सेरा’. गार्बान्सो म्हणजे काबुली चणा. अंगात इथलंच रक्त, विकायचे चणे, आणि तोरा मात्र युरोपातल्या मडमेचा, अशांना तो टोमणा होता. मूळ चित्रात नुसतं डोकं आणि भली मोठी टोपी, खाली काही नाही. धड तिला चित्रकार दिएगो रिवेरानं दिलं, १९४७ मध्ये पुऱ्या झालेल्या आलामेदा बागेच्या भित्तिचित्रात. तिथे ती पोसादाच्या हातात हात घालून उभी आहे, गळ्याभोवती पिसांचा साप, शेजारी लहानपणीचा रिवेरा. कात्रीना म्हणजे नटवी, छानछोकीवाली, हे नावही तेव्हाच चिकटलं.

पोसादा १९१३ मध्ये गेला तेव्हा दोलोरेसच्या पांतेओनमध्ये त्याला सहाव्या वर्गाची जागा मिळाली, म्हणजे सगळ्यात स्वस्त. सात वर्षांनी हाडं न्यायला कुणी आलं नाही, म्हणून ती सामायिक खड्ड्यात गेली. आज अर्धं जग त्यानं काढलेल्या त्या बाईचा चेहरा रंगवून फिरतं. हे मला दरवर्षी आठवतं आणि मी आमच्या ओफ्रेंदाच्या कोपऱ्यात एक जास्तीची वेलादोरा, पेल्यातली मेणबत्ती, लावते. घरमालकीणबाई म्हणतात, ज्यांची वाट बघायला कुणीच नाही त्यांच्यासाठी एक लावायचीच असते. तर ती त्याची.

पांतेओन हा शब्द असा सहज आला बघा. स्पेनमध्ये पांतेओन म्हणजे एखाद्या घराण्याची दगडी समाधी. मेक्सिकोत अख्खी दफनभूमीच. ‘स्मशान’ लिहू नका, तिथे आपल्याला लाकडं दिसतात. ‘दफनभूमी’ म्हणजे महापालिकेची पाटी. मी तुमच्या जागी असते तर पांतेओनच ठेवलं असतं आणि पहिल्याच उल्लेखात ‘पांतेओनमध्ये आजोबांची कबर झाडायला गेलो’ असं एक वाक्य दिलं असतं. कबर आली, झाडणं आलं, वाचक समजला. फाटकाशी पाण्याच्या बादल्या घेऊन उभी पोरं, थडग्यावरचा जुना रंग खरवडणारे काका, गाण्यागणिक पैसे घेणारे वाजंत्री, हे सगळं पांतेओनमध्ये शोभतं, दफनभूमीत नाही.

आन्खेलीतो हे लहानपणी गेलेलं मूल. पाप लागायच्या आधीच गेलं म्हणून थेट देवदूत. ३१च्या संध्याकाळी किंवा रात्री ती येतात, १ तारखेच्या दुपारी जातात, आणि मग मोठी माणसं येतात. त्यांच्यासाठी पांढरी फुलं, दूध, मिठाई, खेळणी, आणि जेवणात तिखट नाही. इथले लोक नुसतं ‘लोस चिकीतोस’ असंही म्हणतात. मी ‘लहानगी’ लिहिते. ‘लहानगी येऊन गेली, आता मोठे येतील.’ छोटे देवदूत लिहिलंत की पंख फुटतात आणि पोर हरवतं.

वेलारबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो शब्द येईलच. वेलार म्हणजे जागणे. त्याच्यावरूनच वेला, मेणबत्ती. मयताजवळची रात्र ती वेलोरियो. आणि काचेच्या पेल्यातली जाड मेणबत्ती ती वेलादोरा, म्हणजे अक्षरशः ‘जागणारी’. मराठीत ‘रात्र जागवली’ म्हणा. ‘जागरण’ म्हटलं की गोंधळही आला पाठोपाठ.

वाटसरू

वाचून मजा आली. एक पुस्ती. हे सगळं मध्य मेक्सिकोचं झालं. इतरत्र शब्दही बदलतात. युकातानमध्ये माया लोक ‘हानाल पिशान’ म्हणतात, आत्म्यांचं जेवण, आणि जमिनीत पुरून भाजलेला मोठा तामाल करतात. वास्तेका भागात ‘शांतोलो’. तो शब्द लॅटिन ‘सांक्तोरुम’चा आहे, प्रार्थनेतला ऐकलेला तुकडा नावातल तोंडात बसून बसून असा झाला. मिचोआकानमध्ये पात्स्कुआरोच्या तळ्याकाठी ‘नोचे दे मुएर्तोस’, दिवस नव्हे, रात्र. आणि कांपेचे राज्यातल्या पोमुचला तर घरचे लोक पेटीतली हाडं बाहेर काढून पुसतात आणि खालचं भरतकामाचं कापड बदलतात. मी तिथे गेलो होतो. एक आजोबा बायकोची कवटी ब्रशनं साफ करत शेजाऱ्याशी मक्याच्या भावाबद्दल बोलत होते.

चोलूलाकर, राजधानीतल्या त्या मोठ्या मिरवणुकीबद्दल काहीच नाही?

चोलूलाकर

ती २०१६ पासूनची. त्याच्या आदल्या वर्षी एका गुप्तहेराच्या चित्रपटात तशी मिरवणूक दाखवली, लोक ती बघायला येणार असं दिसलं, म्हणून खरोखर काढली. तुमच्या आजीच्या गावाशी तिचा संबंध नाही.

त्यापेक्षा वाकेचूलाबद्दल सांगते, कारण शाईडाग यांचा मजकूर त्याच बाजूचा वाटतो. आत्लीस्कोच्या पुढे आहे हे गाव, ऑक्टोबरअखेर वाटेत दोन्ही बाजूंना सेंपासूचिलची शेतं. तिथे त्या वर्षी ज्यांच्याकडे माणूस गेलं त्या घरी छतापर्यंत मांडणी उभी राहते, सगळी पांढऱ्या सॅटिनची, तीन मजली, चुण्या घातलेली. खालच्या मजल्यावर फोटो, पण समोरून नाही दिसत, आरशात बघायचा. कडेला रडणाऱ्या पोरांच्या छोट्या मूर्ती, ‘योरोन्सीतोस’, रडवेले. घर कसं ओळखायचं? रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्यांची वाट असते. तिच्यावरून चालत कुणीही आत जायचं, मेणबत्ती द्यायची, आणि मग तुम्हाला बसवून जेवायला घालतात. अनोळखी माणसाला. मी गेले त्या घरी एकवीस वर्षांचा मुलगा गेला होता. त्याची आई मोले वाढताना प्रत्येकाला विचारत होती, “तिखट नाही ना झालं?” आणि मी, जिला इतकी वर्षं तिखटाचं काही वाटलं नाही, त्या दिवशी डोळे पुसत जेवले आणि तिखटावर ढकललं.

तिथे ह्या मांडणीला ‘आल्तार’ म्हणतात, ओफ्रेंदा क्वचित. तुमच्या मजकुरात आल्तार शब्द असेल तर ‘वेदी’ करू नका. वेदी पेटते.

शाईडाग

मजकुरात आल्तार दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा मी वेदीच लिहिलं होतं. खोडलं.

आत्ताच शेवटचा परिच्छेद पुन्हा केला, बघा कसा वाटतो. सेंपासूचिल तसंच ठेवलंय, पहिल्या पानावर ‘झेंडूचंच फूल, पण इथलं नाव वीस पाकळ्यांचं’ एवढंच घालून.

‘३ तारखेला सकाळी आजीनं ओफ्रेंदा उचलली. सेंपासूचिल मलूल झालं होतं, वेलादोरा विझून काचेला काजळी धरली होती. आजोबांसाठी ठेवलेला ओहाल्द्रा तिनं मोडून आम्हा भावंडांना दिला. मी चव घेतली आणि म्हटलं, “आजी, ह्याला चवच नाही.” आजी समाधानानं म्हणाली, “म्हणजे त्यांनी प्रसाद ग्रहण केला.”’

चोलूलाकर

सुरेख जमलंय. शेवटचं वाक्य सोडून. प्रसाद कुठून आला? मूळ स्पॅनिश काय आहे?

शाईडाग

‘या कोमियो.’

चोलूलाकर

“म्हणजे जेवले ते.”

शाईडाग

लिहिलं.